फोटोतली ती पोरं खेळत नव्हती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत बहात्तरच्या दुष्काळावर जे पान आलं होतं त्यातल्या एका फोटोबद्दल लिहितेय. लेखाबद्दल तक्रार नाही, लेख चांगला होता, फोटोखालच्या ओळीबद्दल आहे. पत्र जरा लांबणार, आणि माझं मराठी घरात बोलतात तसलंच आहे कारण शाळा सगळी कोईमतूरला झाली, तर शुद्धलेखन सांभाळून घ्या आणि कापायचं झालं तर माझं कापा, आजीचं ठेवा.

मी सध्या सुट्टीला गावी आहे, आटपाडी तालुक्यात. आजीला वाचता येत नाही म्हणून रोज सकाळी चहा पिताना मी फोनवर पेपर उघडून तिला वाचून दाखवते. तिला राजकारणात इंटरेस्ट नाही, पावसाचा अंदाज, डाळिंबाचा भाव, कोण वारलं आणि कुठे अपघात झाला एवढं ऐकलं की बास. पण त्या दिवशी हा फोटो आला. पाझर तलावाचं काम चाललंय, बायांची लांबच लांब रांग, डोक्यावर पाट्या, आणि एका कडेला मातीच्या ढिगावर सात-आठ पोरं. खाली लिहिलंय, दुष्काळी कामावर राबणाऱ्या महिला, शेजारी खेळात रमलेली त्यांची मुलं. मी तसंच वाचून दाखवलं. आजीनं फोन हातातनं घेतला, लांब धरला, जवळ धरला, मला म्हणाली मोठं कर. केलं. बराच वेळ काही बोललीच नाही, चहा गार झाला. मग म्हणाली, "ही पोरं खेळत न्हाईत गं. सायेब आला असंल."

मला कळलंच नाही. साहेब आला म्हणजे काय?

मग तिनं जे सांगितलं ते मी चोवीस वर्षांत एकदाही ऐकलेलं नव्हतं. दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहेत, लाल मिलोची भाकरी, सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ, आजीच्या वडिलांनी विकलेले बैल, हे सगळं लहानपणापासून ऐकतोय. पण ती स्वतः कामावर होती हे कधी बोललीच नव्हती. आम्हाला वाटायचं की तिची आई कामावर जायची आणि ही धाकट्यांना सांभाळत बसायची. तुमच्या फोटोत लिहिलंय तसंच.

आजीचं माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या अलीकडे एक वाडी. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिकडच्या लोकांना आवडेल न आवडेल. कोरडवाहू चार तुकडे, बाजरी आणि हुलगे, पावसाळ्यातसुद्धा पाऊस नाही असा तो भाग. बहात्तर साली ती अंदाजे बारा वर्षांची. तिच्या पाठीवर दोन बहिणी आणि एक अंगावर पिणारा भाऊ. एकाहत्तरला कमी पिकलं, बहात्तरला तर पेरलेलं उगवलंच नाही. बैलांना वैरण नाही म्हणून वडिलांनी जोडी बाजारात नेली, मिळेल त्या भावात दिली आणि तसेच तिथनं कुठल्याशा गाडीत बसून मुंबईला गेले हमालीला. घरी निरोप दुसऱ्या कुणीतरी आणला. आजी दुसरीत होती, तशी उशिराच घातलेली शाळेत, तिथंच शाळा संपली.

तुमच्या लेखात रोजगार हमीचा इतिहास नीट दिलाय, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे, त्यांनी विसापूरला आधी केलेला प्रयोग, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1972 ला योजना सुरू झाली, 1977 ला कायदा केला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, आणि पुढे त्यावरनंच सगळ्या देशासाठी 2005 चा कायदा आला. विसापूर आमच्याच सांगली जिल्ह्यातलं, तासगाव तालुक्यातलं, पण मला ते तुमच्याच पेपरमुळे कळलं. लेखात असंही आहे की 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्या 50 लाखात माझी आजी नाही. कारण मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव तिच्या आईचं होतं, पोरांचं चढवत नसत.

पण मजुरी मापावर होती ना. किती खणलं, किती टाकलं, किती ब्रास खडी फोडली त्यावर पैसे. बाप्ये खणणार, बाया वाहणार. ज्या घरातला बाप्या परमुलखात गेलाय तिथं एकट्या बाईच्या अंगावर किती माप भरणार? मग पोरं. धाकट्या बहिणीला झोळीपाशी बसवायचं, झोळी बाभळीला, आणि बारा वर्षांची आजी डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून पाटी उचलायची. मुकादमाला माहीत होतं, कारकुनाला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. आजी म्हणते मुकादम वाईट नव्हता, त्यानं डोळे मिटून घेतले म्हणून आमच्या घरात दोन माणसांचं माप एका नावावर लागलं, नाहीतर लहान भाऊ जगला नसता. म्हणजे कुणी शोषण वगैरे म्हणायला लागलं तर ती भांडेल. "त्यो तलाव आमाला देवासारखा हुता" असं तिचं स्वच्छ मत आहे. हे मी मुद्दाम लिहितेय, उद्या माझ्या पत्राचा कुणी भलताच अर्थ लावायला नको.

तर साहेब. तपासणीला जीपगाडी यायची. लांबनं धुरळा दिसला की मुकादम शिट्टी मारायचा आणि ओरडायचा, "खेळा रं पोरांनो!" की सगळी पोरं पाट्या टाकून ढिगावर. माती उडवा, घसरगुंडी करा, काहीही करा पण खेळताय असं दिसा. आजी म्हणते सुरवातीला मजा वाटायची, तेवढीच पाठ मोकळी, मग मग त्याचाच राग यायचा, कारण साहेब जितका वेळ थांबेल तितकं माप कमी पडायचं आणि ते भरून काढायला दिवस कलल्यावर पळत पाट्या टाकायला लागायच्या. एकदा साहेबाबरोबर कॅमेरेवाला पण आलेला. तो काही तुमच्या फोटोवाला नसणार, कामं तर हजारो होती. पण "ह्येंच्या कामावर बी शिट्टीच झाली आसंल," असं ती म्हणाली.

उन्हाळ्यात तिकडचं काम थांबलं आणि ती दोघी मायलेकी खडीला गेल्या, रस्त्याच्या. खडी फोडताना हातोडा डाव्या अंगठ्यावर बसला. ते नख आजही मधोमध चिरलेलं वाढतं, दोन फाकांत. आम्ही लहान असताना ते नख बघून घाबरायचो आणि ती सांगायची की उंदरानं चावलं. पंचवीस नातवंडा-पतवंडांना तिनं उंदराची गोष्ट सांगितली आहे! परवा पहिल्यांदा खरं सांगितलं आणि ते पण तुमच्या फोटोमुळे, म्हणून खरं तर आभार मानायला पाहिजेत.

खाण्याचं थोडं लिहिते कारण लेखात एका वाक्यात उरकलंय. मिलो म्हणजे अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापतानाच चिरते, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे, म्हणून तिची आई ती थापायचीच नाही, पाण्यात शिजवून कण्या करायची. त्यात मीठ असेल तर मीठ. घरातले शेवटचे हुलगे होते ते माडग्यासाठी, आणि ते माडगं फक्त बाळंतिणीला नाहीतर आजाऱ्याला. कामावर सुकडी मिळायची, ती आजी जागेवर कधी खायची नाही, ओच्यात बांधून आणायची आणि रात्री बहिणींना चिमूटचिमूट वाटायची. अजूनही कुणाच्या घरनं लाडू-बर्फी काही आलं की तिचा हात आधी पदराच्या टोकाकडे जातो. लग्नकार्यात तिच्या पदराला काय काय बांधलेलं सापडतं ते विचारू नका, एकदा गुलाबजाम निघालेला.

पाण्याचं मी विचारलं, कारण सगळे म्हणतात बहात्तरला धान्य नव्हतं पण विहिरींना पाणी होतं आणि 2013 ला उलटं झालं, धान्य होतं पाणी नव्हतं. ती म्हणाली पाणी होतं खरं, पण ज्याच्या विहिरीला होतं त्याच्या विहिरीला होतं. त्यांनी माणगंगेच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरली आहे.

लग्न आणीबाणीच्या आसपास झालं, पंधरा वर्षांची असताना, आटपाडी तालुक्यात. तेव्हा मुलीला पंधरा चालत होतं म्हणे, अठराचा कायदा 1978 चा. आमच्या आण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या घरी पण काही नव्हतं, पण त्यांचा एक चुलता गलाईच्या धंद्यात होता. बाकीच्या महाराष्ट्राला हे फारसं माहीत नसतं म्हणून सांगते. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव ह्या पट्ट्यातली माणसं भारतभर सोनंचांदी गाळायच्या धंद्यात आहेत, कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत एखादं मराठी दुकान सापडणारच. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातलं तांबं-चांदी काढायची, टंच काढून, म्हणजे शुद्धता तपासून, चोख सोनं परत द्यायचं. दुष्काळानं जे बाहेर काढलं त्याचंच हे दुसरं टोक. आण्णा आधी पोऱ्या म्हणून गेले, मग चुलत्याचे हिस्सेदार झाले, मग 1986 ला कोईमतूरला स्वतःचं दहा बाय बाराचं दुकान केलं आणि आजीला तीन पोरगे आणि एक पोरगी घेऊन तिकडे बोलावलं. तोपर्यंत दहा-अकरा वर्षं ती सासरी एकटी राबत होती, आण्णा वर्षातनं एकदा यायचे, जत्रेला.

तिथं गेल्यावर हिला तमिळचा त येत नव्हता. पहिला शब्द शिकली तो "साप्टाच्चा", म्हणजे जेवलास का. बरीच वर्षं तेवढ्या एका शब्दावर तिनं अख्खी गल्ली चालवली.

आणि इथं मला जरा अवघड गोष्ट लिहायची आहे. दुकानावर गावाकडनं पोरं यायची शिकायला. तेरा-चौदा वर्षांची, कधी बारा. त्यांच्या घरचे आणून सोडायचे, जेवून-खाऊन राहील, धंदा शिकेल, पैसे वर्षानं हिशोबाला. सगळीकडे तशीच रीत होती आणि आण्णांनीही तेच केलं. म्हणजे आमच्या घराची भरभराट झाली त्यात त्या पोरांचे हात आहेत, ते मी झाकणार नाही. पण वडील सांगतात की आजीनं पहिल्याच वर्षी आण्णांशी भांडण काढलं. तिला एवढंच पाहिजे होतं की वहीत प्रत्येक पोराचं वेगळं पान पाहिजे. त्याच्या बापाच्या नावाचं नाही, मामाच्या नाही, ज्यानं आणून सोडला त्याच्या तर नाहीच, पोराच्या नावाचं. महिन्याला त्यात पैसे मांडायचे आणि पोराला दाखवायचे. आण्णा म्हणाले तुला वाचता येतंय का, कुठलं पान कुणाचं ते? म्हणून तिनं प्रत्येक पानावर चित्रं काढायला लावली, एकाचं चाक, एकाचा चंद्र, एकाची घागर, एकाचा कोंबडा. शनिवारी रात्री जेवणं झाली की ती वही घेऊन बसायची आणि चित्र बघून हाक मारायची, ए कोंबड्या इकडं ये, तुझं मांडलं का? कोंबडा आज पन्नाशीचा आहे, त्रिशूरला त्याचं स्वतःचं दुकान आहे, आणि आजीच्या फोनवर त्याचं नाव अजून कोंबडा म्हणूनच सेव्ह आहे (मीच केलंय).

हे वहीचं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, घरात कौतुकानं सांगतात, आजी हिशोबाला किती कडक होती वगैरे. पण ते तिच्या डोक्यात कुठनं आलं हे कुणालाच माहीत नव्हतं. परवा मस्टरचं ऐकल्यावर मी वडिलांना फोन केला कोईमतूरला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, अगं मला वाटायचं तिला आण्णांवर विश्वास नाही.

दोन-चार वर्षांनी तिनं अजून एक नियम केला की आधी दहावी कर मग ये. त्यावरनं गावाकडची पाहुणेमंडळी रागावली, दोघांनी येणं सोडलं. आत्यानं, म्हणजे तिच्या मुलीनं पुढे गावी परत येऊन रयतच्या शाळेत शिकून डीएड केलं, ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. एक काका दुकान बघतात, वडील पण दुकानातच, धाकट्या काकांनी 2010 च्या पुढे गावी येऊन डाळिंब लावलं, तेल्या रोगानं एकदा बाग बसली, परत लावली. आण्णा 2009 ला गेले, तेजाबाच्या धुरानं छाती खलास झाली होती. त्यांच्यानंतर आजी गावी परत आली आणि आता आम्ही सगळे तिच्याकडे येतो. सिद्धनाथाच्या यात्रेला घरात माणूस मावत नाही, चार पोरांची घरं, नातवंडं, आणि त्या चंद्र-चाक-घागर-कोंबड्यांची घरं. परवाच्या यात्रेला पंगतीत मी 61 पानं मोजली, भावकी न धरता.

एक विनोदी गोष्ट राहिली. आजीच्या आधारकार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1954 आहे. शाळेचा दाखला नाही, कॅम्पवाल्या पोरानं तोंडाकडे बघून साल टाकलं. एसटीचं अर्धं तिकीट त्यामुळे लवकर लागलं तेव्हा ती खूश होती, पण लाडकी बहीण आली तेव्हा 65 च्या वर म्हणून बाद, आणि तिच्याच पाठची बहीण दर महिन्याला 1500 घेते आणि फोन करून सांगते. पण परवा मी हिशोब केला. आधारप्रमाणे आजी बहात्तर साली 18 वर्षांची होती. म्हणजे सरकारच्या कागदावर ती त्या वेळी मस्टरवर चढायला एकदम बरोबर होती. तिला हे सांगितल्यावर इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली मग जा की, माझं पैसं घिऊन ये.

शेवटचं. 2018 ला पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा होती, माणातल्या टाकेवाडीला पहिला नंबर मिळाला होता, तेव्हा आजीच्या माहेरीपण श्रमदान चाललेलं. टीशर्ट, टोप्या, स्पीकरवर गाणी, पुण्याहून आलेली माणसं. आजीला काकांनी बघायला नेलेलं. ती बांधावर खुर्चीत बसून बघत होती आणि म्हणाली होती, हौसेनं पाटी उचलत्यात बघा. तिथं बारकी पोरं पण होती, छोटी छोटी घमेली घेऊन, दोन ढेकळं टाकायची, पळायची, पाणी पिऊन यायची, नुसता धिंगाणा. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा पेपरात त्यांचा फोटो आला, खाली लिहिलं होतं चिमुकल्यांचे श्रमदान. तेव्हा मला ते गोड वाटलेलं. आता तुमच्या फोटोशेजारी ते आठवलं की कसंतरीच वाटतं, खेळत होती त्यांना कामकरी केलं आणि कामावर होती त्यांना खेळायला लावलं.

माझं मागणं एवढंच आहे की पुढच्या रविवारी एक ओळ दुरुस्त करून छापा. काय छापायचं ते मी आजीला विचारलं. मी म्हटलं बालमजूर लिहू का, तर म्हणाली तसलं काय लिवू नको, लिव की "बाया आणि त्यांची पोरं, कामावर". मी म्हटलं आजी, पेपरवाले म्हणतील तुमच्याकडे पुरावा काय, ही पोरं कशावरून कामावरची, तुम्ही त्या गावच्या पण नाही. तर तिनं परत फोन मागितला, फोटो मोठा करायला लावला आणि त्या दोन फाकांच्या नखानं दाखवलं. तुम्हीपण तुमच्याकडची मूळ प्रत काढून बघा. ढिगावर उजवीकडनं दुसरी पोरगी आहे, परकर खोचलेली, दोन्ही हात वर करून हसतेय. तिच्या डोक्यावर चुंबळ आहे.

आपली एक वाचक,
मुक्काम तालुका आटपाडी, सुट्टीपुरता